तिसरा ठिपका

४ फेब्रुवारी, सोमवार

लेकीने ही वही दिली तेव्हा म्हणाली होती, "आई, तुझं जे दिवसभर चालू असतं ना, ते इथे लिहीत जा. आम्हाला तेवढाच आराम." महिनाभर वही कोरीच पडली होती. आज लिहिते आहे, कारण आज भारी मजा आली.

सकाळी भूगोलाच्या बाई आल्या. मला शिकवायला होत्या, माझ्या आधी दादाला होत्या. आता ऐंशीच्या घरात असतील. हातात काठी आली, पण आवाज तोच. शेजारचा इस्त्रीवालासुद्धा इस्त्री बाजूला ठेवून नीट उभा राहिला. माझं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. बाईंनी वाकून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, पाटीवर नाव वाचलं आणि म्हटलं, ही तर नकाशा उलटा लावणारी!"

रुमालात गुंडाळलेलं घड्याळ काढलं. त्यांच्या यजमानांचं, चावीचं. यजमानांना दीड वर्षापूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. रोज सकाळी ते घड्याळ उजव्या मुठीत अडकवून ठेवतात आणि डाव्या हाताने चावी देतात. दिवसभरात स्वतःच्या हाताने करतात असं तेवढं एकच काम. दहा दिवसांपूर्वी घड्याळ बंद पडलं. "तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत गं," बाई म्हणाल्या. "धड भरवू देत नाहीत, दाढी करू देत नाहीत. लवकर कर."

म्हटलं, बसा बाई, तुमच्यासमोरच उघडते. तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली (त्याशिवाय माझा हात चालत नाही, शाळेपासूनची खोड), डोळ्याला भिंग लावलं, झाकण काढून बाजूला ठेवलं आणि सरळ मशीनमध्ये शिरले. आणि काय सांगू! बॅलन्सच्या पट्टीखाली चांदीच्या कागदाची घडी! बॅलन्स म्हणजे ते इकडून तिकडे फिरणारं चाक, घड्याळाचं काळीजच. त्याच्या मधोमध एक इवलीशी पोलादी दांडी असते, टोकं केसाएवढी. तिला आम्ही स्टाफ म्हणतो. कुणीतरी भलत्याच मशीनचा स्टाफ यात कोंबला होता. तो पडला उंच, वरची पट्टी बसेना, म्हणून पट्टीखाली कागदाची पाचर मारून दिली होती. इतकी वर्षं चाललं हेच नवल.

"हे कुठल्या गाढवाचं काम?" मी म्हटलं.

बाई म्हणाल्या, "अगं, तुमच्याच दुकानात दिलं होतं. अकरा वर्षं झाली असतील. त्यानंतर कुणी उघडलेलं नाही."

अकरा वर्षांपूर्वी बाबांचे हात थरथरायला लागले होते, ते नुसते गल्ल्यावर बसायचे. मग उरला कोण? दादा. मी तसं सांगून टाकलं. वर हेही म्हटलं, की मी काही उगाच वेगळी झाले नाही.

दोन वर्षांपूर्वी दादा गिऱ्हाइकासमोर म्हणाला होता, "हिचा हात छान आहे, पण घाईचा." त्याच महिन्यात मी बाबांचं दुकान सोडलं. घाईचा म्हणे! आणि स्वतः? कागद!

संध्याकाळी यांना सांगितलं. हे पाणी खात्यात मीटर वाचायला जातात, त्यामुळे बोलतातही आकडा सांगितल्यासारखं. म्हणाले, "तेव्हा त्या दुकानात तुम्ही दोघं कामाला होतात ना?" म्हटलं, मला माझं काम ओळखता येत नाही का? हे म्हणाले, "बरं."

७ फेब्रुवारी, गुरुवार

बरणीवाल्या काकांकडे जाऊन आले. जुन्या घड्याळांचे सुटे भाग हल्ली त्यांच्याकडेच मिळाले तर मिळाले. छतापर्यंत काचेच्या बरण्या आणि बरण्यांत पुड्या. मशीनचा नंबर बॅलन्सखाली कोरलेला असतो, तो मी लिहून नेला होता. काकांनी चिठ्ठी पाहिली आणि विचारलं, "खडे साधे की स्प्रिंगवाले?"

स्टाफची टोकं ज्या खड्यांत फिरतात, ते खडे. पुढेपुढे त्यांना बारीक स्प्रिंग द्यायला लागले, म्हणजे घड्याळ पडलं तरी टोक मोडू नये. मी म्हटलं, साधे.

"पाहिलंस?"

"काका, मी काय काल आले का या धंद्यात?"

"झाकण वाचलंस?"

"नंबर मशीनवर असतो. झाकणावर काय वाचायचंय?"

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग शिडी चढून पुडी काढून दिली. म्हातारा हल्ली फार चौकशा करतो.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

खडे स्प्रिंगवाले निघाले. स्टाफ बसत नाही.

एकाच नंबराची दोन प्रकारची मशीनं काढायची, ही काय पद्धत झाली? दुपारी बाईंचा फोन. यजमानांनी सकाळपासून चमचाभर दूधसुद्धा घेतलेलं नाही. मी म्हटलं, भाग बाहेरून मागवलाय बाई, वाटेत आहे. कशाला खोटं बोलले कोण जाणे. तोंडातून निघून गेलं.

११ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा काका. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "स्प्रिंगवाले ना?" हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

तो स्टाफ त्यांच्याकडे नाही. शेवटचे तीन होते. ते दादाने नेले, त्याला दहा-अकरा वर्षं झाली. म्हटलं, त्याला कशाला हवे होते? काका म्हणाले, "एक घड्याळ कधीतरी परत येईल, तेव्हा जवळ असावा, असं म्हणाला होता."

म्हणजे त्याला माहीत होतं! चूक करायची, मग गुपचूप भाग आणून ठेवायचा आणि अकरा वर्षं गप्प बसायचं. आणि हा मला हाताबद्दल शिकवणार. रस्ताभर माझ्या डोक्यात हेच चालू होतं.

१३ फेब्रुवारी, बुधवार

बाई काल स्वतःच दादाकडे जाऊन आल्या. मी नको म्हटलं होतं. (खरं लिहायचं तर "जाऊ द्या बाई" एवढंच म्हटलं, आणि तेही हळू.)

दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर बाईंनी विचारलं, "कागद लावून घड्याळ देतात का रे? हेच शिकवलं का तुला कुणी?" दादा म्हणे खुर्चीवरून उठून उभा राहिला, वर्गात राहायचा तसा. म्हणाला, "चुकलं बाई. आमच्या दुकानाची चूक आहे. माफ करा." बाई मला म्हणाल्या, "आत पडद्यामागे तुझी वहिनी होती गं. मला जरा जास्तच बोलल्यासारखं झालं." मी म्हटलं, खरं ते खरं, त्यात जास्त काय.

आणि संध्याकाळी एक गृहस्थ भिंतीवरचं घड्याळ काखोटीला मारून माझ्याकडे आले. "तुमच्या भावाकडे टाकलं होतं. काल जे ऐकलं त्यानंतर काढून आणलं." मी ठेवून घेतलं. स्टुलावर बसवून त्यांना चहासुद्धा पाजला.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

त्या दुकानाची पायरी चढणार नाही, असं मी दोन वर्षांपूर्वी सगळ्यांसमोर बोलून बसले आहे. म्हणून यांना पाठवलं. हे पुडी घेऊन आले.

"काय म्हणाला?"

"पुडी आधीच काढून ठेवली होती. म्हणाला, पट्टी घासली गेली असेल, सावकाश कर म्हणावं."

"आणि वहिनी?"

"वहिनींनी पाणीसुद्धा विचारलं नाही."

मला वहिनीचा असा राग आला! नवऱ्याने चुका करायच्या आणि तोरा आम्हाला. हे जेवताना ताटाकडेच बघत होते. विचारलं काय झालं, तर म्हणाले, "तू झाकण पाहिलंस का?" सगळ्यांना मेलं त्या झाकणाचं काय पडलंय?

१८ फेब्रुवारी, सोमवार

काम झालं. जीव ओतून केलं. जुना स्टाफ काढला, नवा चाकात बसवला, एकेका ठोक्याला श्वास रोखून. पट्टी कागदाशिवाय अलगद बसली. चावीचे दोन वेढे दिले आणि बॅलन्स असा काही फिरायला लागला की मी एकटीच "वा!" म्हणाले.

मग झाकण धुवायला घेतलं. आतून हिरवट मळ धरला होता. ब्रशने घासला, पुसलं, उजेडात धरलं.

बाबांचा एक नियम होता. घड्याळ जो उघडेल त्याने झाकणाच्या आत सुईने तारीख कोरायची आणि पुढे आपले ठिपके. बाबांचा एक, दादाचे दोन, माझे तीन. नवीन घड्याळ हातात आलं की आधी झाकण वाचायचं, मग मशीनला हात लावायचा. पहिल्या दिवशी शिकवलं होतं हे, चिमटा धरायच्याही आधी.

अकरा वर्षांपूर्वीची तारीख आहे. पुढे तीन ठिपके.

तारीख वाचली आणि सगळं आठवलं. त्या दिवशी लेकीचं शाळेत नाटक होतं. ती झाड झाली होती. मला चारला निघायचं होतं आणि स्टाफ उंच पडला होता. दादाने विचारलं होतं, "बसला का गं?" मी पर्स उचलत म्हणाले, "मस्त बसला."

कचऱ्याच्या डब्यातून ती कागदाची घडी शोधून काढली आणि भिंगाखाली उलगडली. पेपरमिंटच्या पुडीचा कागद. एका कडेला हिरव्या अक्षराचं अर्धं पोट अजून आहे.

गाढव म्हणाले होते मी. बाईंसमोर, इस्त्रीवाल्यासमोर. आणि दादा उठून उभा राहिला.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

लिहू नये असं वाटतंय, पण ही वही कुणी वाचत नाही.

आज झाकणातला तिसरा ठिपका पुसला. पॉलिशच्या कागदाच्या टोकाने, पाच मिनिटांचं काम. आता दोनच आहेत. दादाने सगळ्यांदेखत मान्य केलंच आहे, बोभाटाही होऊन गेलाय, मग झाकणात तरी वेगळं कशाला राहायला हवं? दोन्हीकडे सारखं असलेलं बरं. बाई कधी झाकण उघडणार नाहीत. पण कुणीतरी कधीतरी उघडेल.

हे लिहून पाहिलं तर अजूनच घाण दिसतंय.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

घड्याळ घेऊन बाईंच्या घरी गेले. यजमान भिंतीकडे तोंड करून पडले होते, गालावर पांढरी दाढी वाढलेली. बाईंनी घड्याळ त्यांच्या कानाशी धरलं. बराच वेळ काही नाही. मग ते आपसूक इकडे वळले. बाईंनी उजवी मूठ उघडून त्यात घड्याळ ठेवलं, आणि त्यांनी डाव्या हाताने चावी द्यायला सुरुवात केली. एक वेढा, थांबायचं, दुसरा वेढा. तोंडाची चालती बाजू हसत होती. मग माझी दोन बोटं धरून ठेवली, सोडेचनात.

बाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांचा हात आलाय गं तुझ्यात. आणि दादाची चूक तू निस्तरलीस."

तेव्हा बोलायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा. म्हणाले, "पाण्यापासून जपा बाई." आणि निघाले. जिन्यावर माझी मलाच शिसारी आली.

२५ फेब्रुवारी, सोमवार

बाई दुकानावर आल्या होत्या. यजमान आता जेवतात, दाढी केली, सगळं छान. मग म्हणाल्या, "मला चैन पडेना गं. भर दुकानात बोलले मी त्याला. म्हणून परवा हे झोपले असताना घड्याळ उचललं आणि दाखवायला घेऊन गेले. म्हटलं, बघ बाबा, झालं दुरुस्त, आता मनात ठेवू नकोस."

मी चिमटा खाली ठेवला.

"दादाने उघडलं का?"

"उघडलं ना. आधी झाकणच घेतलं हातात. मशीनकडे बघेचना. भिंग लावून झाकणात काय बघत बसला देव जाणे. मी म्हटलं, अरे मशीन बघ. मग पाहिलं. म्हणाला, 'फार सुंदर काम झालंय बाई. तिला सांगा.'"

"आणखी काही?"

"काही नाही. डोळ्यात काही गेलं म्हणाला, भिंग काढून ठेवलं. मला चहा दिला स्वतः करून. तुझी वहिनी काही बाहेर आली नाही."

काळवंडलेल्या झाकणात एवढीशी चकचकीत जागा. दादाला ती दिसली नसेल, असं होणारच नाही.

२७ फेब्रुवारी, बुधवार

यांना सगळं सांगितलं. सकाळी, चहाच्या वेळी, एका दमात. हे कप धरून बसले होते.

"कागदाचं मला माहीत होतं," म्हणाले. "दादाने तेव्हाच सांगितलं होतं. घड्याळ देऊन झाल्यावर तुझ्या टेबलावर पेपरमिंटचा फाडलेला कागद, भलत्या नंबराची रिकामी पुडी आणि बाईंच्या घड्याळाचा जुना स्टाफ दिसला त्याला. म्हणाला, तिला बोलू नका, घड्याळ परत आलं की मी नीट करून देईन."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"दोनदा बोललो. तुला ऐकू आलं नाही." मग कप खाली ठेवला. "ठिपका पुसलास ते नव्हतं माहीत."

एवढंच म्हणाले आणि पिशवी उचलून मीटर वाचायला गेले. जाताना नेहमी "येतो" म्हणतात, ते म्हणाले नाहीत. माझा चहा तसाच राहिला.

दादाला फोन लावला. त्याने उचलला, "हं, बोल" म्हणाला. दोन वर्षांनी त्याचा आवाज ऐकला. मी ठेवून दिला. कळत नाही मला, मी एवढी हलकी कधी झाले. घाईचा हात परवडला, पण हा ठिपका मी अजिबात घाई न करता पुसला होता.

त्या गृहस्थांचं भिंतीवरचं घड्याळ अजून उघडलेलं नाही. आज त्यांना निरोप पाठवला, परत घेऊन जा आणि दादाकडेच द्या. का, ते विचारायला आले तर सांगेन.

१ मार्च, शुक्रवार

सकाळी बाईंकडे गेले. यजमान खुर्चीत बसले होते, मुठीत घड्याळ. मी उभ्याउभ्याच सांगितलं. कागद माझा, घाई माझी, आणि ठिपकासुद्धा. ठिपके म्हणजे काय हे बाईंना समजावून सांगावं लागलं, ते सगळ्यात जड गेलं. एकेक ठिपका कुणाचा हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं, आणि मग आता दोनच का आहेत तेही सांगायचं.

मला वाटलं होतं, रागावतील. वर्गात रागवायच्या तशा. बाई एवढंच म्हणाल्या, "मी ऐंशी वर्षांची बाई. तुझ्या शब्दावर जाऊन त्या पोराला चार माणसांत उभं केलं."

मी म्हटलं, हो.

"माझी काठी दे. चल."

म्हटलं, बाई, मी एकटी जाते, तुम्ही कशाला. "एकटीने बोलशील ते मला माहितेय," म्हणाल्या. "पाण्यापासून जपा, म्हणून परत येशील." मला वाटलं होतं, त्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांच्या चालीने वीस मिनिटं लागली. पायरीशी मी थांबले, तर काठीचं टोक माझ्या टाचेला लागलं.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. बाबांची खुर्ची जिथे होती तिथेच. दादाचे केस पार पांढरे झालेत, मला कुणी सांगितलं नव्हतं. बाईंना पाहून तो उठायला लागला. बाई म्हणाल्या, "बस. आज तू नाही उभं राहायचंस."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी काउंटरच्या काचेकडे बघत म्हटलं, "ते काम माझं होतं. कागद मी लावला होता. बाईंना मी तुझं नाव सांगितलं. आणि नंतर कळलं तरी गप्प बसले. झाकणातला ठिपका मीच पुसला, तुझ्यावर यावं म्हणून."

दादा पटकन म्हणाला, "अगं, असू दे. गिऱ्हाइकं आहेत. हळू बोल."

पडद्यामागे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"हळू नको," आतून वहिनी म्हणाली. "जोरात बोल. मला इथे ऐकू आलं नाही."

मी पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हटलं, जोरात. ठिपक्यापाशी आवाज फुटला. सगळे थांबले होते. मग मी उरलेलं पूर्ण केलं.